फिलॉसॉफीच्या प्रश्नांचा डबा: पत्ते ठेवा, नियमांची चोपडी फेका

साडेतीन स्टार. म्हणजे पत्त्यांना साडेचार आणि सोबतच्या नियमांच्या चोपडीला एक, तोही कागद बरा आहे म्हणून. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण असे डबे आता चारपाच कंपन्यांचे आलेत आणि सगळ्यांचा साचा साधारण सारखाच दिसतो, त्यामुळे मी जे सांगतेय ते त्यातल्या कुठल्याही डब्याला थोडंफार लागू पडेल.

आधी आत काय आहे ते सांगते. १२० पत्ते, चार रंगांचे, प्रत्येक रंगाचे तीस. हिरवे नीतीचे, निळे ज्ञानाचे, जांभळे मनाचे आणि लाल इच्छास्वातंत्र्याचे. पत्त्याच्या पुढच्या बाजूला एक छोटा प्रसंग आणि त्यावर प्रश्न. उलटा केला की मागे "पण समजा" असं लिहून त्याच प्रसंगातली एकच गोष्ट बदललेली असते आणि प्रश्न परत तोच. तळाला बारीक अक्षरात दोन ओळी, हा प्रश्न मुळात कोणी काढला वगैरे. शिवाय आठ कोरे पत्ते, वाळूचं घड्याळ, हो-नाहीच्या चकत्या आणि ती चोपडी. सगळं इंग्लिशमध्ये आहे, आणि याचा पुढे अनपेक्षित फायदा झाला, ते येईलच.

खेळणारे आम्ही पाच जण. मी, नवरा, सासूबाई, नवऱ्याचा भाचा (इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शनिवार-रविवार आमच्याकडेच पडीक असतो) आणि शेजारचे काका, जे रिटायर्ड वकील आहेत आणि कुठल्याही प्रश्नाला आधी "प्रश्नच चुकीचा आहे" म्हणतात. सहा शनिवार खेळलो. पहिला शनिवार अक्षरशः फुकट गेला आणि त्याचं सगळं श्रेय नियमांना.

नियम असा की पत्ता वाचायचा, वाळूचं घड्याळ उलटं करायचं, दोन मिनिटांत सगळ्यांनी हो किंवा नाहीची चकती पालथी ठेवायची, मग सगळ्यांनी एकदम उघडायची आणि ज्यांचं मत बहुमतात त्यांना एक पॉइंट. हे ज्यानं कोणी ठरवलं त्याला हात जोडून विचारावंसं वाटतं की बाबा रे, ज्या माणसांनी आयुष्यभर "सगळे म्हणतात म्हणून ते खरं नसतं" हेच सांगितलं त्यांच्या प्रश्नांवर तू बहुमताला पॉइंट ठेवलेस? सॉक्रेटिसला ख्रिस्तपूर्व ३९९ मध्ये अथेन्सच्या ज्युरीनं बहुमतानंच मृत्युदंड दिला होता, या हिशोबानं पॉइंट ज्युरीला. आमचा भाचा तिसऱ्या पत्त्यालाच खेळ ओळखून बसला. त्यानं प्रश्न वाचणंच सोडलं, फक्त आजी काय म्हणेल आणि मामी काय म्हणेल याचा अंदाज घेत चकती ठेवायचा, आणि जिंकला. विचारलं तर म्हणे "मामी, मला योग्य काय ते कुठे विचारलंय, जिंकायला काय लागतं ते विचारलंय." बरोबर बोलला.

दुसऱ्या शनिवारपासून घड्याळ आणि चकत्या बाजूला ठेवल्या आणि एकच नियम ठेवला, काकांनी सुचवलेला: उत्तर काहीही द्या पण कारण द्या, आणि पत्ता उलटल्यावर उत्तर बदललं तर ते का बदललं तेही सांगा. बस. तिथून डबा जिवंत झाला.

आता रंगवार.

हिरव्या पत्त्यांबद्दल थोडी निराशा आहे. ट्रॉलीचा पत्ता सगळ्यांना माहीत असतोच, सुसाट गाडी, रुळावर पाच माणसं, खटका ओढला तर गाडी दुसऱ्या रुळावर जाणार आणि तिथे एक माणूस. (काकांनी लगेच दुरुस्ती केली, खटका नाही, सांधा बदलणं म्हणतात.) मागच्या बाजूला पूल, पुलावर जाडा माणूस, त्याला ढकललं तर गाडी थांबेल. हिशोब तोच, पाचाला एक, आणि तरी सांधा बदलायला चार जण तयार आणि ढकलायला कोणीच नाही. हे छानच आहे, पण या कंपनीनं तीसपैकी अकरा पत्ते याच एका प्रसंगाच्या पोरांवर उडवलेत. गोल फिरून परत येणारा रूळ, पाचात एक लहान मूल, एकटा माणूस शास्त्रज्ञ. चौथ्या पत्त्यापासून सासूबाई म्हणायला लागल्या, त्या रेल्वेवाल्यांना आधी ब्रेक नीट करा म्हणावं.

आणि तळाच्या दोन ओळींत निम्मी मजा घालवली आहे. फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये हे लिहिलं तेव्हा बाहेर उभा असलेला बघ्या नव्हताच, ट्रामचा ड्रायव्हरच होता, आणि ट्राम ही त्या लेखातली अनेक उदाहरणांपैकी एक होती. तिच्या जोडीला त्यांनी एक न्यायाधीश ठेवला होता, खवळलेला जमाव शांत करायला एका निरपराध माणसाला फासावर द्यावं का या पेचात अडकलेला. तिथेही आकडा तोच, थोड्यांच्या बदल्यात जास्त, पण ड्रायव्हरला आपण जा म्हणतो आणि न्यायाधीशाला नाही, का? पूल आणि जाडा माणूस नंतर ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी आणला. न्यायाधीशाचं मी मोबाईलवर वाचून दाखवलं तेव्हा काका पहिल्यांदा खुर्चीत सरसावून बसले आणि पुढचा पाऊण तास दुसरं काही झालं नाही. ते म्हणाले ड्रायव्हरसमोर दोन्हीकडे मरणच आहे, त्याला त्यातलं कमी निवडायचंय, न्यायाधीश मात्र एका माणसाला साधन म्हणून वापरतोय. नवरा म्हणाला मरणाऱ्याला काय फरक पडतो साधन की निवड. याचं उत्तर अजून कोणाला देता आलेलं नाही. तर सांगायचं असं की मूळ जोडी पत्त्यावर असती तर अकरा पत्त्यांची गरजच नव्हती.

हिरव्यातला सगळ्यात चांगला पत्ता तळ्याचा. तळ्यात लहान मूल बुडतंय, पाणी कमरेएवढंच आहे, तुमचे कपडे खराब होतील एवढंच, उतराल का? सगळे हो म्हणाले, अर्थातच. उलटा केला: पण समजा मूल हजारो किलोमीटर लांब आहे आणि एका जोडी कपड्यांच्या पैशात ते वाचतं. पीटर सिंगरचा हा युक्तिवाद १९७२ चा. खोलीत जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. मग एकेक कारणं यायला लागली, लांबचं दिसत नाही, पैसे पोचतील कशावरून, बाकीचे लोक पण आहेत की, आणि प्रत्येक कारणाला भाचा तळ्यावर परत आणून सोडत होता: तळ्याकाठी आणखी दहा माणसं नुसती बघत उभी असती तर मामी तू उतरली नसतीस का? त्या रात्री मी चिडूनच झोपले, आणि प्रामाणिकपणे सांगते, चिडले कारण उत्तर नव्हतं.

कांटचा पण एक पत्ता आहे, दारात खुनी उभा आहे आणि तुमच्या घरात लपलेल्या मित्राचा पत्ता विचारतोय, खोटं बोलाल का. कांटनं १७९७ मध्ये खरंच लिहिलं की तेव्हाही खोटं बोलू नये. यावर सगळे हसले आणि पुढे गेलो. आता वाटतं, हसून पुढे जायला नको होतं.

निळे पत्ते, म्हणजे ज्ञानाचे. हे मला सगळ्यात रटाळ वाटतील असं वाटलं होतं आणि सगळ्यात भारी निघाले. पहिलाच पत्ता: भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजलेले बघून तुम्ही म्हणालात तीन वाजले, खरंच तीन वाजले होते, पण घड्याळ काल दुपारी तीनलाच बंद पडलं होतं. तर तीन वाजलेत हे तुम्हाला माहीत होतं का? उदाहरण बर्ट्रांड रसेलचं आहे. त्याच्या आगेमागे ठेवलेला पत्ता गेटियरचा, १९६३ चा, आणि ही गोष्ट मला फार आवडली की त्या माणसानं फक्त तीन पानांचा पेपर लिहिला आणि "खरी असलेली आणि सबळ कारण असलेली समजूत म्हणजे ज्ञान" या व्याख्येला असं भोक पाडलं की ते अजून बुजवतायत. त्याचं उदाहरण असं: स्मिथ आणि जोन्स एका नोकरीला अर्ज करतात. नोकरी जोन्सला मिळणार आणि जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत, याचा स्मिथकडे चांगला पुरावा आहे, म्हणून तो मनाशी म्हणतो, ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत. शेवटी नोकरी स्मिथलाच मिळते, आणि योगायोगानं त्याच्या खिशातही दहाच नाणी निघतात. वाक्य खरं ठरलं, कारणही होतं, पण माहीत होतं म्हणवत नाही.

हे वाचून भाच्यानं शोधाशोध केली आणि एक गोष्ट काढली जी पत्त्यावर असायला हवी होती आणि नाहीये. धर्मोत्तर नावाचा बौद्ध तार्किक, आठव्या शतकातला, त्यानं जवळजवळ हाच पेच मांडून ठेवलाय. वाळवंटात तहानलेल्या माणसाला लांब मृगजळ दिसतं, तो पाणी समजून तिकडे जातो, आणि तिथे पोचल्यावर खरंच एका खडकाखाली पाणी निघतं. दुसरं उदाहरण, लांबून धूर दिसतोय म्हणून खाली आग आहे असं कोणी म्हणालं, आग आहेही, पण तो धूर नव्हताच, किड्यांचा थवा होता. गेटियरच्या हजारबाराशे वर्षं आधी! १२० पत्त्यांत पाश्चात्त्य परंपरेच्या बाहेरचा एकही माणूस नाही, ही माझी या डब्याबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार. अभिमानाचा मुद्दा नाही हा, मालच कमी भरलाय त्यांनी.

उदाहरणार्थ एक निळा पत्ता विचारतो, तुमची जन्मतारीख तुम्हाला कशी माहीत? तुम्ही तिथे होतात पण आठवत नाही, कोणीतरी सांगितली म्हणून माहीत. यावर पत्ता थांबतो. पण न्यायदर्शनात, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्राच्या जुन्या परंपरेत, चार प्रमाणं (ज्ञान मिळायचे मार्ग) आहेत, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द, आणि शब्द म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं हे स्वतंत्र प्रमाण आहे, तर बौद्ध तार्किक आणि वैशेषिक (न्यायाच्या जवळचीच दुसरी परंपरा) म्हणतात स्वतंत्र वगैरे काही नाही, "हा माणूस सहसा खरं बोलतो" असं तुम्ही अनुमानच करत असता. चार्वाक तर अनुमानावरच बोट ठेवतो. हे भांडण त्या एका पत्त्यावर आणलं असतं तर तास गेला असता. आम्ही आणलं आणि गेलाच. सासूबाई शब्दाच्या बाजूनं, म्हणाल्या लहान मूल आईचं ऐकताना अनुमान करत बसत नाही. काका उलट, त्यांनी तीसपस्तीस वर्षं साक्षीदार तपासलेत.

आणि आता तो इंग्लिशचा फायदा. पत्ते मोठ्यानं वाचून मीच तोंडी मराठी करत होते, सासूबाईंसाठी, आणि पहिल्याच निळ्या पत्त्याला अडखळले. इंग्लिशमध्ये "नो" (know) हे एकच क्रियापद सगळीकडे ठोकून दिलंय. मराठीत मला रस्ता माहीत आहे, मी त्या बाईंना ओळखते, मला पोहता येतं, मला गणित कळतं, आणि या चारही ठिकाणी एकाच्या जागी दुसरं घालून बघा, वाक्य एकतर मोडतं नाहीतर भलताच अर्थ देतं. गिल्बर्ट राईल या ब्रिटिश तत्त्वज्ञाला १९४० च्या दशकात वेगळं करून सांगावं लागलं की एखादी गोष्ट करता येणं आणि एखादी गोष्ट खरी आहे हे माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपल्याकडे शाळेत न गेलेली बाई पण "मला पोहणं माहीत आहे पण येत नाही" असं सहज बोलते. मग बंद घड्याळाच्या पत्त्यावर सासूबाई म्हणाल्या, "घड्याळ बघणारीला तीन वाजलेत असं *वाटलं*, आणि ते जुळलं. माहीत कुठे होतं?" वाटलं आणि जुळलं. पत्त्याच्या मागची सात ओळींची भानगड दोन शब्दांत.

ह्यूमचा पत्ता आहेच, सूर्य उद्या उगवेल कशावरून, आजवर उगवला म्हणून? आणि आजवर झालं तसंच पुढे होईल हे कशावरून, आजवर तसंच झालं म्हणून? मागच्या बाजूला रसेलची कोंबडी, रोज दाणे टाकणाऱ्या हातावर विश्वास ठेवून बसलेली आणि एके दिवशी तोच हात मान मुरगळतो. मस्त पत्ता. देकार्तच्या लबाड भुताचे (जे आपल्याला सगळं खोटंच दाखवत असेल तर?) सहा पत्ते मात्र कंटाळवाणे, स्वप्नच असेल तर, आभासच असेल तर, सिम्युलेशनच असेल तर. एक पुरला असता.

जांभळे. इथे परत भाषेनं अडवलं. "माइंड" म्हणजे मन ना, असं धरून मी वाचलं, "मन आणि शरीर वेगळे आहेत का?" आणि नवरा म्हणाला हो की नाही ते नंतर, पण हा प्रश्न आपल्याकडे नीट बसतच नाही. सांख्य या जुन्या दर्शनाच्या हिशोबात मन, बुद्धी, अहंकार हे सगळं प्रकृतीच्या बाजूला, म्हणजे जड पदार्थाच्याच गोतावळ्यात, आणि पलीकडे नुसता बघणारा पुरुष, म्हणजे निव्वळ जाणीव. न्यायवाल्यांकडे मन हे आतलं एक इंद्रिय, जाणणारा आत्मा वेगळा. म्हणजे देकार्तनं मन आणि शरीर वेगळं करायला जिथे सुरी चालवली तिथे यांनी चालवलीच नाही, जरा सरकून चालवली. मला हे नवीन होतं (नवऱ्याला हे येतं हेही नवीन होतं, सोळा वर्षांच्या संसारानंतर). देकार्तला बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिनं १६४३ मध्ये पत्रातून विचारलं की आत्म्याला जर आकार नाही, स्पर्श नाही, तर तो शरीराला ढकलतो तरी कसा, आणि देकार्तला धड उत्तर देता आलं नाही. तिचा पत्ता आहे डब्यात, या रंगातला पहिलाच, ही एक गोष्ट त्यांनी नीट केली.

पण जांभळ्यात सगळ्यात लक्षात राहिला तो मेरीचा पत्ता. मेरी ही शास्त्रज्ञ, जन्मापासून काळ्यापांढऱ्या खोलीत, रंग कसा दिसतो यामागचं सगळं विज्ञान तिला पाठ, पण रंग कधी पाहिला नाही. एक दिवस बाहेर येते आणि लाल रंग बघते. तिला नवीन काही कळलं का? भाचा म्हणाला नाही, सगळी माहिती आधीच होती तर नवीन काय कळणार. आणि सासूबाई हसल्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय दोन वर्षांपूर्वी. म्हणाल्या, "पट्टी काढली आणि पडदा बघितला तर निळा. मी म्हटलं हा बदलला कधी. पडदा तोच होता रे. निळा आहे हे मला माहीत होतं, मीच आणला होता, पण एवढा निळा असतो हे विसरले होते." मोतीबिंदूत डोक्यातलं नाही, डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा रंग आधी अडतो, हळूहळू, त्यामुळे लक्षातही येत नाही. भाच्यानं तरी झुंज दिली, आजी हे आठवणं झालं, नवीन कळणं नाही, आणि तोही मुद्दा खराच आहे. पण त्याचा आवाज जरा कमी झाला होता.

इथे कंपनीची चूक सांगायलाच हवी. पत्त्यावर लिहिलंय की फ्रँक जॅक्सननं १९८२ मध्ये मेरीच्या गोष्टीतून सिद्ध केलं की मनात भौतिकाच्या पलीकडचं काहीतरी आहे. एकतर सिद्ध बिद्ध काही केलं नाही, मांडलं. आणि दुसरं म्हणजे पुढे जॅक्सननं स्वतःच मत बदललं आणि आपला युक्तिवाद चुकीचा आहे असं म्हणायला लागला! ही तर पत्त्याच्या मागच्या बाजूला ठेवायची गोष्ट होती: पण समजा, ज्यानं हे काढलं त्यालाच आता पटत नाही.

सर्लची चिनी खोली (१९८०) पण आहे, खोलीत बसलेला माणूस नियमांचं पुस्तक बघून चिनी अक्षरांना चिनी अक्षरांनी उत्तर देतो, बाहेरच्यांना वाटतं आत चिनी येणारा कोणी बसलाय, आतल्याला एक अक्षर कळत नाही. पूर्वी हे लांबचं वाटलं असतं, आता भाचा असाइनमेंट चॅटबॉटकडून लिहून घेतो, त्यामुळे भांडण पेटलं. तो म्हणे खोलीतल्या माणसाला येत नसेल पण माणूस अधिक पुस्तक अधिक खोली मिळून सगळ्याला येतं. मी म्हटलं मग तुझी असाइनमेंट तू अधिक चॅटबॉट मिळून कोणाला येते? यावर विषय बदलण्यात आला.

लाल पत्ते. इथे डब्यात सगळ्यात घोडचूक आणि सगळ्यात चांगली संध्याकाळ दोन्ही आहेत.

घोडचूक आधी. एका पत्त्यावर छापलंय, "विज्ञानानं दाखवून दिलंय की निर्णय तुमच्या आधी तुमचा मेंदू घेतो, मग तुम्ही जबाबदार का?" खाली लिबेटचं नाव. बेंजामिन लिबेट या मेंदूशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये जे केलं ते असं: लोकांना सांगितलं की वाटेल तेव्हा मनगट हलवा आणि हलवावंसं वाटलं तेव्हा समोरच्या घड्याळातला वेगानं फिरणारा ठिपका कुठे होता ते लक्षात ठेवा. मेंदूतली तयारीची लहर हालचालीच्या साधारण ५५० मिलिसेकंद आधी सुरू झालेली दिसली आणि माणसाला "आता हलवू" हे जाणवलं साधारण २०० मिलिसेकंद आधी. झालं, यावरून चाळीस वर्षं गाजावाजा. पण खुद्द लिबेटच म्हणत होता की उरलेल्या वेळात माणूस ती हालचाल रोखू शकतो, म्हणजे नकाराधिकार आपल्याकडे आहे. आणि २०१२ मध्ये आरोन शर्गर आणि त्याच्या साथीदारांनी दाखवलं की ती लहर म्हणजे निर्णय असायलाच हवा असं नाही. मेंदूत आपोआप चढउतार चालूच असतात, ते एका उंबरठ्याला पोचले की हालचाल होते, आणि हालचालीपासून मागे मोजत अशा खूप नोंदींची सरासरी काढली की तयारी केल्यासारखा चढ आपोआप दिसतो. आणि मनगट कधी हलवायचं याला निर्णय म्हणायचं का हा वेगळाच प्रश्न. नोकरी सोडावी का याला लोक महिने घेतात. मी कंपनीला सविस्तर मेल केला, उत्तर आलं "तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." तेही बहुतेक चिनी खोलीतूनच आलं असावं.

आता संध्याकाळ. दोन पत्ते लागोपाठ आले. एक लॉकचा, सतराव्या शतकातला: झोपलेल्या माणसाला उचलून एका खोलीत ठेवलं, तिथे त्याला भेटायची आस असलेला माणूस आहे, बाहेरून कुलूप. हा उठतो, खूश होतो, आनंदानं तिथेच बसतो, दार बंद आहे हे त्याला माहीतच नाही. तो स्वखुशीनं थांबलाय का? दुसरा हॅरी फ्रँकफर्टचा, १९६९ चा: एकानं तुमच्यावर असा डाव लावून ठेवलाय की तुम्ही अमुक गोष्ट करायला कचरलात तर तो तुमच्याकडून ती करवून घेणार, पण तुम्ही कचरलातच नाही, स्वतःहून केलीत. दुसरं काही करणं शक्यच नव्हतं, तरी जबाबदार तुम्ही का?

काका म्हणाले अर्थात जबाबदार, मी बचावात असतो तर हा मुद्दा मांडायला मला लाज वाटली असती. नवरा म्हणाला मग कुलपाचं काय, त्याला बाहेर जाता आलं नसतं. आणि हे चालू असताना भाच्याच्या कोपरानं माझा कप खाली गेला. खरंच. आणि तो म्हणाला, "मामी, कप फुटला."

मी म्हटलं, कप फुटला, की तुझ्या हातून फुटला, की तू फोडलास?

आणि मग त्या रात्री आम्ही पत्ते बाजूलाच ठेवले. कारण मराठीत या तीन पायऱ्या सरळ पडल्यात. फुटला यात कोणीच नाही. हातून फुटला यात माणूस आहे पण हेतू नाही. फोडला यात दोन्ही. काका म्हणाले कायद्याचं निम्मं काम हेच आहे, प्रकरण कुठल्या पायरीवर बसतं ते ठरवणं. मग लक्षात यायला लागलं की आपण मी रागावले पण म्हणतो आणि मला राग आला पण म्हणतो, आणि भांडणात दुसऱ्याला सांगताना "तू चिडलास" असतं, स्वतःबद्दल "मला राग आला", जसा काही पाहुणाच आला. मला वाटलं, मला आठवलं, मला सुचलं, मला झोप लागली, यातलं काहीच मी केलं नाही, माझ्याकडे आलं. करणारा "मी" फक्त ठरवलं, निवडलं, केलं असल्या मोजक्या ठिकाणी. भाचा म्हणाला मग लिबेट बरोबरच आहे, हलवावंसं "वाटलं", ते आलंच कुठूनतरी. सासूबाई म्हणाल्या वाटलं ते आलं, मान्य, पण वाटलं ते केलंस का हा प्रश्न वेगळा, मला रोज हजार गोष्टी वाटतात. त्यांना लिबेटच्या नकाराधिकाराचं मी तोवर सांगितलेलं नव्हतं.

पी. एफ. स्ट्रॉसनचा एक पत्ता आहे, १९६२ चा, तो खरं तर या रात्री यायला हवा होता, पुढच्या आठवड्यात आला. त्याचं म्हणणं ढोबळमानानं असं की समजा उद्या सगळं आधीच ठरलेलं आहे हे पटलं, तरी आपण एकमेकांवर रागावणं, आभार मानणं, मनाला लावून घेणं सोडू शकू का? माणूस म्हणून एकमेकांत राहायचं तर ते सुटणार नाही. पायावर पाय पडला तर मुद्दाम की चुकून यावर दुखणं तेवढंच पण राग वेगळा. मी कपाबद्दल रागावले होते का हे मला विचारण्यात आलं. सुरुवातीला हो, "हातून" या शब्दानंतर नाही.

बाकी किरकोळ. अक्षर फार बारीक आणि तेही फिकट राखाडी, काकांना भिंग लागलं. पत्ते जाड आणि चांगले आहेत, त्या सांडलेल्या कपातून वाचले. लाल आणि जांभळा दिव्याखाली जवळजवळ सारखे दिसतात, ज्या डब्यात मेरीचा पत्ता आहे त्यात हे बरं नाही. चोपडीत "अवघड पातळी" म्हणून जे पत्ते वेगळे काढलेत ते फक्त लांबलचक आहेत, अवघड नाहीत.

कोणी घ्यावा? ज्यांच्या घरात वाद घालून नंतर एकमेकांशी बोलतात अशांनी. दोघांत मजा येत नाही, मी आणि नवऱ्यानं करून बघितलं, तिसऱ्या पत्त्याला तो आमचा जुनाच वाद झाला. पार्टी गेम म्हणून घेणार असाल तर नका घेऊ, पहिल्या तासात निम्मे लोक मोबाईल काढतील. आणि ज्यांनी या विषयाचं काहीतरी आधी वाचलंय त्यांना निळे आणि लाल पुरे, हिरव्यातले सातआठ सोडले तर बाकीचे उघडूच नका.

कोऱ्या आठ पत्त्यांपैकी तीन भरलेत. एकावर भाच्यानं धर्मोत्तराचं मृगजळ लिहिलं, एकावर काकांनी न्यायाधीश. तिसऱ्यावर सासूबाईंनी मराठीतच लिहिलंय, "पडदा तोच होता का?" आणि मागची बाजू त्यांना अजून सुचलेली नाही.